आमदारांचा बोलण्याचा हक्क आपल्यापेक्षा मोठा आहे का?

प्रश्न : पाणीयोजनेच्या बिलात सरपंचांनी पैसे खाल्ले, असे मी ग्रामसभेत म्हणालो, तर मला अब्रुनुकसानीची नोटीस आली. आमदार मात्र विधानसभेत याहून जहाल बोलतात आणि त्यांच्यावर खटला होत नाही. त्यांचा हक्क माझ्यापेक्षा मोठा आहे का? – एक वाचक

उत्तर : बोलण्याचा हक्क दोघांचा सारखाच आहे, आमदारांना त्याखेरीज जे मिळते, ते निराळे आहे.

राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ ने दिलेल्या भाषणस्वातंत्र्यावर वाजवी निर्बंध घालता येतात आणि अब्रुनुकसानी हा त्यांतलाच एक असल्याने आपल्यावर खटला भरता येतो; 'बोललो ते खरे होते आणि लोकहितासाठी होते' हा बचाव आपल्यालाच न्यायालयात सिद्ध करावा लागतो. अनुच्छेद १९४(२) मात्र सभागृहातील भाषण व मतदान यांबद्दल आमदाराला न्यायालयीन कारवाईपासूनच मुक्त ठेवतो. ही उन्मुक्ती. वेस्ली होफेल्ड या अमेरिकी विधिज्ञाने १९१३ साली दाखवून दिले की हक्कासमोर दुसऱ्याचे कर्तव्य असते, तर उन्मुक्तीसमोर दुसऱ्याची असमर्थता. येथे असमर्थ ठरते ते न्यायालय. बोलणे खरे की खोटे, या प्रश्नापर्यंत प्रकरण पोचतच नाही.

हे संरक्षण सभागृहाच्या कामापुरते आहे. तेच वाक्य आमदाराने विधानभवनाबाहेर वाहिन्यांच्या माईकसमोर उच्चारले, तर कायद्यापुढे ते आणि आपण एकाच पायरीवर उभे असता.

खासदारांनाही अनुच्छेद १०५ खाली असेच संरक्षण आहे आणि ते किती ताणावे, यावरून फार मोठी चूक झाली. १९९३ च्या अविश्वास ठरावात नरसिंह राव सरकारच्या बाजूने मत देण्यासाठी लाच घेतल्याचा आरोप असलेल्या खासदारांना सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने खटल्यातून मोकळे केले. मला तो निकाल कधीच पटला नाही. ४ मार्च २०२४ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने तो मोडीत काढला : लाच स्वीकारताच गुन्हा पूर्ण होतो, पुढे मत कसे दिले याचा त्याच्याशी संबंध नाही.

आपल्याला उन्मुक्ती नसली, तरी आपण निराधार नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये लोकहितार्थ केलेले खरे विधान आणि लोकसेवकाच्या सार्वजनिक कामाबद्दल सद्भावनेने मांडलेले मत, हे दोन्ही अपवाद आहेत. म्हणून वकिलामार्फत नोटिशीला मुदतीत उत्तर द्या, माहिती अधिकारात बिलाची आणि मोजमाप पुस्तकाची प्रत मागवा, आणि ग्रामसभेच्या इतिवृत्तात आपले बोलणे नेमक्या कोणत्या शब्दांत नोंदले गेले आहे, ते आधी पाहून घ्या.