वाचकांचे प्रश्न : पुसलेला फोटो कुठे शोधावा?

गेल्या काही आठवड्यांत नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच काळजीची आहेत : फोनमधून चुकून काहीतरी डिलीट झाले, ते परत मिळेल का? त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आईच्या सहस्रचंद्रदर्शनाचे सुमारे दोनशे फोटो माझ्या अँड्रॉइड फोनमध्ये होते. जागा कमी पडत असल्याची सूचना वारंवार येऊ लागली म्हणून मी गॅलरीतले जुने फोटो काढून टाकले, त्यांत हेही गेले. या गोष्टीला पाच आठवडे झाले. फोटो परत आणून देणारे एक ॲप घेऊन पाहिले. त्यात काही फोटो दिसले, पण ते नखाएवढे आणि धूसर आहेत. एका दुकानात चौकशी केली, तेव्हा चार हजार रुपये आगाऊ भरून फोन आठवडाभर ठेवून जायला सांगितले. काय करावे? (एक भगिनी, इंदिरानगर)

उत्तर : पैसे भरू नयेत आणि फोनही ठेवून येऊ नये. अंक छापून हाती पडेपर्यंत आपले मोलाचे दिवस निघून जातील, म्हणून पुढील मजकुराचा पहिला भाग आपल्याला पत्राने आधीच कळवला आहे.

फोनमधला फोटो डिलीट केला की तो लगेच नाहीसा होत नाही, आधी बिनमध्ये, म्हणजे फोनमधल्या कचरापेटीत जातो. ही बिन प्रत्येक ॲपची वेगळी असते आणि तिची मुदतही वेगळी असते, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. सॅमसंगच्या गॅलरीतील रिसायकल बिन ३० दिवस फोटो सांभाळते, आयफोनमधील ‘अलीकडे हटवलेले’ हा अल्बमही साधारण तितकेच दिवस सांभाळतो, आणि गूगलच्या फाइल्स या ॲपची बिनसुद्धा ३० दिवसांचीच असते. गूगल फोटोजमध्ये मात्र ज्या फोटोंचा बॅकअप झालेला आहे, म्हणजे ज्यांची प्रत इंटरनेटवरील गूगल खात्यात साठवली गेली आहे, ते ६० दिवस राहतात. बॅकअप झालेला नसेल तर तेथेही ३० दिवसच. पाच आठवडे म्हणजे ३५ दिवस. गॅलरीची मुदत संपली आहे, पण बॅकअप चालू असल्यास गूगल फोटोजचे २५ दिवस अजून हाती आहेत.

याहून आशेची गोष्ट अशी, की फोटो आपण फोन कंपनीच्या गॅलरीतून काढले असतील आणि गूगल फोटोजमध्ये त्यांचा बॅकअप आधीच झालेला असेल, तर बहुधा फक्त फोनमधली प्रत गेलेली असते. खात्यातली प्रत बिनमध्येसुद्धा न जाता आपल्या जागी तशीच असते. म्हणून संगणकावर गूगल फोटोजचे संकेतस्थळ उघडून समारंभाच्या तारखेपाशी जाऊन पाहावे. फोनमध्ये एकाहून अधिक गूगल खाती असतील, तर प्रत्येक खात्यात पाहावे, कारण मुलाने कधीतरी स्वतःचे खाते जोडून दिलेले असते आणि बॅकअप तिकडे जात असतो. एक अडचण संभवते. गूगलची मोफत जागा १५ जीबी आहे आणि १ जून २०२१ पासून चढवलेले फोटो त्याच जागेत मोजले जातात. जागा भरली की बॅकअप थांबतो, आणि त्याची सूचना आपण इतर सूचनांबरोबर बाजूला सारतो. तेव्हा बॅकअप नेमक्या कोणत्या तारखेपर्यंत झाला आहे, हे पाहणे आवश्यक आहे.

तेथे काही मिळाले नाही, तर आपण त्या वेळी नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो आठवावेत. अँड्रॉइड फोनमध्ये व्हॉट्सॲप आपण पाठवलेल्या फोटोंची स्वतःची प्रत ठेवते. ‘व्हॉट्सॲप इमेजेस’ या फोल्डरच्या आत ‘सेंट’ नावाचा फोल्डर असतो, तो गॅलरीत दिसत नाही, म्हणूनच सफाईतून बहुतेक वेळा वाचतो. फाइल मॅनेजरने तो उघडता येतो. या प्रती मूळ फोटोपेक्षा लहान असतात, पण छापून घेण्याइतक्या चांगल्या असू शकतात. त्यापुढे समारंभाला आलेली मंडळी आहेतच. प्रत्येकाला नेमकी तारीख सांगून फोटो मागावेत आणि ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे, म्हणजे आकार कमी होणार नाही.

आता ॲप आणि दुकान यांविषयी. जुन्या संगणकात फाइल पुसली तरी चकतीवरचा मजकूर बराच काळ तसाच राहत असे, आणि योग्य सॉफ्टवेअरने तो वाचता येत असे. ‘डिलीट झालेलेही परत मिळते’ ही समजूत त्या काळातली आहे. आजच्या फोनची अंतर्गत मेमरी तशी नाही. एक तर अँड्रॉइड ४.३ पासून, म्हणजे २०१३ पासून, फोन मेमरीच्या चिपला कोणती जागा रिकामी झाली हे वेळोवेळी कळवत असतो आणि चिप ती जागा सवडीने खरोखरच साफ करते. दुसरे कारण अधिक निर्णायक आहे. २०१६ साली आलेल्या अँड्रॉइड ७ मध्ये प्रत्येक फाइल वेगळ्या किल्लीने कूटबद्ध करण्याची, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी करून ठेवण्याची सोय झाली, आणि अँड्रॉइड १० घेऊन बाजारात आलेल्या फोनांपासून ती बंधनकारक झाली. फाइल कायमची पुसली की तिची किल्ली मिळवण्याचा मार्गही उरत नाही. पेटी समोर आहे, पण किल्ली रामकुंडात टाकली आहे, असा तो प्रकार आहे. चिप काढून वाचली तरी हाती अर्थहीन अक्षरेच लागतात.

आपल्या ॲपला दिसले ते मूळ फोटो नव्हेत. गॅलरी भराभर दिसावी म्हणून फोन प्रत्येक फोटोची चिमुकली प्रतिमा वेगळी साठवतो, आणि ॲप त्याच प्रतिमा गोळा करून ‘सापडले’ म्हणून दाखवते. पैसे भरून त्या मोठ्या होत नाहीत. काही ॲप पुढे जाऊन फोन रूट करायला, म्हणजे कंपनीने घातलेली बंधने काढून फोनचा पूर्ण ताबा घ्यायला सांगतात. रूट करण्यासाठी सामान्यतः बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा मूळ प्रोग्राम, उघडावा लागतो, आणि तो उघडताच फोन स्वतःतील सगळा डेटा पुसून टाकतो. राहिलेले फोटोही घालवणारा हा सल्ला आहे आणि तो इतक्या सहजपणे दिला जातो, याचे मला फार वाईट वाटते.

येथे दुकानदारांना सरसकट दोष देणे बरोबर होणार नाही. पडदा फुटलेला, पाण्यात पडलेला किंवा चालूच न होणारा फोन कुशल कारागीर दुरुस्त करतो आणि त्यातला डेटा काढून देतो, ते खरे काम आहे आणि त्याचे पैसे योग्य आहेत. त्या फोनमध्ये काही पुसलेले नसते, फक्त दार उघडत नसते. दोन्ही कामांना ‘डेटा रिकव्हरी’ हे एकच नाव असल्याने घोटाळा होतो. आपले काम पुसलेले परत आणण्याचे, म्हणजे दुसऱ्या प्रकारचे आहे, आणि त्यासाठी फोन व त्याचा पासवर्ड आठवडाभर परक्या हातात देणे मुळीच इष्ट नाही.

प्रश्न : माझे वडील या वर्षी वारले. त्यांचे व्हॉट्सॲपवरचे आवाजी संदेश मी अधूनमधून ऐकत असे. काल दुसरे चॅट रिकामे करताना चुकून त्यांचे चॅट रिकामे झाले. ते आवाज परत मिळतील का? (एक वाचक, पंचवटी)

उत्तर : आपण पत्र न लिहिता ईमेल केलात हे फार बरे झाले, आणि त्याच दिवशी आपल्याला उत्तर पाठवले आहे. असा प्रसंग इतरांवरही येतो, म्हणून ते येथे विस्ताराने देत आहे.

येथे घड्याळ आपल्या विरुद्ध चालत असते. व्हॉट्सॲपचा आपोआप होणारा बॅकअप साधारणपणे रात्री दोनच्या सुमारास होतो, आणि गूगल खात्यातील नवा बॅकअप जुन्याची जागा घेतो. म्हणजे दुपारी चॅट गेले आणि रात्री बॅकअप झाला, तर दुसऱ्या दिवशी खात्यात असलेल्या बॅकअपमध्येही ते चॅट नसते. म्हणून चूक लक्षात येताच पहिले काम एकच : व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये चॅट बॅकअप उघडून आपोआप होणारा बॅकअप बंद करणे. ते जमत नसेल, तर निदान फोनचे इंटरनेट बंद करून शांतपणे बसणे. त्यानंतर शेवटचा बॅकअप कोणत्या वेळेचा आहे ते त्याच पानावर पाहावे.

दुसरे काम फोल्डर तपासण्याचे. चॅट रिकामे करताना फोनमधील मीडियाही, म्हणजे फोटो, आवाज वगैरेंच्या फायलीही पुसायच्या का, असे व्हॉट्सॲप विचारते. ती खूण केलेली नसेल, तर चॅटमधून संदेश दिसेनासे झाले तरी फायली राहिलेल्या असण्याची शक्यता असते. फाइल मॅनेजरमधून ‘व्हॉट्सॲप व्हॉइस नोट्स’ हा फोल्डर उघडावा. आत आठवड्यागणिक उपफोल्डर असतात आणि फाइलच्या नावातच तारीख असते, त्यामुळे कोणाचा संदेश हे कळले नाही तरी दिवसावरून शोधता येतो.

तेथेही काही नसेल आणि बॅकअप मात्र घटनेच्या आधीचा असेल, तर व्हॉट्सॲप काढून पुन्हा घ्यावे लागते आणि त्याच क्रमांकाने, त्याच गूगल खात्याने बॅकअप परत आणावा लागतो. त्यापूर्वी फोनमधला व्हॉट्सॲपचा संपूर्ण फोल्डर संगणकावर उतरवून घ्यावा, कारण ॲप काढताना तोही जाऊ शकतो. बॅकअपनंतरचे संदेश या रीतीने जातील, हेही लक्षात घ्यावे. फोनच्या आतही साधारण गेल्या सात दिवसांचे बॅकअप असतात, परंतु त्यांत फक्त लिहिलेला मजकूर असतो, आवाज नसतो.

आणि या सगळ्याहून सोपा मार्ग वडिलांच्या कपाटात असू शकतो. त्यांनी पाठवलेले आवाज त्यांच्याच फोनमध्ये, त्यांच्याच ‘व्हॉइस नोट्स’ फोल्डरमध्ये साठलेले असतात. सिमकार्ड बंद झाले असले तरी या फायलींना धक्का लागत नाही, आणि व्हॉट्सॲप न उघडताही त्या वाजवता येतात. फोनचे कुलूप घरात कोणाला उघडता येत असेल, तर तो चार्ज करून आधी त्या फायली संगणकावर घ्याव्यात. दिवंगत माणसाचा फोन घरच्या कोणाला वापरायला देण्याची किंवा नव्या फोनच्या बदल्यात देऊन टाकण्याची घाई होते, आणि त्यासाठी तो रीसेट केला जातो. कृपया ती घाई करू नये.

प्रश्न : गारपिटीने झोपलेल्या द्राक्षबागेचे फोटो मी फोनमधील मेमरी कार्डवर घेतले होते. मुलाने कार्ड फॉरमॅट केले. नुकसानीच्या नोंदीसाठी ते फोटो हवे आहेत. (एक शेतकरी, निफाड तालुका)

उत्तर : कार्डाच्या बाबतीत मात्र उमेद धरायला जागा आहे. कार्डावरची साधी साठवण कूटबद्ध नसते, आणि फोनमध्ये केलेले फॉरमॅट पुष्कळदा फक्त फायलींची यादी नवी करते. सातबाऱ्यावरचे नाव खोडले म्हणून जमीन जागची हलत नाही, तसे यादी गेली तरी फोटोंचा मजकूर, त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत, कार्डावर टिकून असू शकतो. म्हणून कार्ड ताबडतोब फोनमधून काढावे आणि त्यावर एकही नवा फोटो घेऊ नये.

पुढचे काम संगणकावर करायचे आहे. फोटोरेक नावाचे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते यादीकडे न पाहता कार्डाची सगळी जागा वाचत जाते आणि प्रत्येक प्रकारच्या फाइलची सुरुवात ज्या ठराविक खुणेने होते, ती खूण शोधते. फोनचे बारीक कार्ड संगणकाला लावण्यासाठी ज्या मोठ्या अडॅप्टरमध्ये घालतो त्याच्या कडेला एक बारीक खिट्टी असते; ती लॉककडे सरकवावी, म्हणजे संगणक कार्डावर काही लिहिणार नाही. सापडलेल्या फायली संगणकाच्या डिस्कवर साठवाव्यात, कार्डावर कदापि नाही. हे मुख्यतः साध्या अक्षरी पडद्यावर कळफलकाने चालवण्याचे सॉफ्टवेअर असल्याने ज्याला संगणकाची सवय आहे त्याला सोबत घ्यावे. मोठे व्हिडिओ कार्डावर तुकड्यातुकड्यांनी साठलेले असतील, तर ते अर्धवट येतात. फोटो त्या मानाने चांगले परत येतात.

परत आलेल्या फोटोंची मूळ नावे जातात, त्यांना नुसते क्रमांक मिळतात. परंतु आपल्या कामाची गोष्ट नावात नाही. फोटो काढल्याची तारीख, वेळ, आणि कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर बागेचे अक्षांश-रेखांश फोटोच्या फाइलच्या आत नोंदलेले असतात, आणि पूर्ण परत आलेल्या फोटोत ते शाबूत असतात. हाच फोटो आपण व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलात, तर स्थळाची ही नोंद त्यातून निघून जाते. त्यामुळे कार्यालयात द्यायचा फोटो मूळ फाइल म्हणूनच द्यावा.

एक अपवाद सांगायला हवा. कार्ड फोनमध्ये ‘अंतर्गत स्टोरेज’ म्हणून जोडलेले असेल, तर फोन ते कूटबद्ध करतो, आणि मग फॉरमॅटनंतर इलाज राहत नाही.

प्रश्न : फोनमधील निम्मे संपर्क क्रमांक नाहीसे झाले आहेत. मी निवृत्त असून संगणक जेमतेम वापरतो. (एक ज्येष्ठ नागरिक, नाशिक रोड)

उत्तर : क्रमांक गूगल खात्यात साठवलेले असतील, तर काळजीचे कारण नाही. संगणकावर गूगल कॉन्टॅक्ट्सचे संकेतस्थळ उघडून प्रथम तेथील ट्रॅशमध्ये पाहावे. पुसलेला क्रमांक तेथे ३० दिवस राहतो. तेथे नसल्यास सेटिंग्जमध्ये ‘बदल पूर्ववत करा’ अशा अर्थाचा पर्याय आहे, त्याने गेल्या ३० दिवसांतील कोणत्याही वेळची यादी परत आणता येते. असे केल्यावर त्या वेळेनंतर नव्याने घातलेले क्रमांक निघून जातात, म्हणून ते आधी कागदावर उतरवून ठेवावेत.