थायरॉइडची गोळी सुरू झाल्यावर टीएसएच (थायरॉइड कमी काम करत असलं की रक्तात वाढणारं संप्रेरक) पुन्हा कधी तपासायचा?

डोस सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी. लिव्होथायरॉक्सिनचं, म्हणजे या गोळीतल्या औषधाचं, रक्तातलं प्रमाण स्थिरावायला वेळ लागतो आणि टीएसएच त्याहूनही सावकाश खाली येतो. पंधरा दिवसांत तपासून डोस वाढवला, तर तो जास्त होण्याची भीती असते. आकडा स्थिर झाला की वर्षातून एकदा पुरे.

टीएसएच वाढलेलाच राहिला, तर आधी गोळी कशी घेता ते पाहा. उपाशीपोटी, पाण्याबरोबर, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्या. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनी. माझ्या मते डोस वाढवण्याआधी हे विचारायलाच हवं.

गर्भधारणा झाल्याचं कळताच मात्र पुढच्या तपासणीची वाट पाहत थांबू नका, लगेच डॉक्टरांना सांगा. तेव्हा डोस बहुधा वाढवावा लागतो. वयस्कर किंवा हृदयरोग असलेल्यांना सुरुवात कमी डोसनेच करतात.