वाचकांचे प्रश्न : फ्रान्समधील शांत नदीखोरे आणि सायकल

प्रश्न : आम्ही पती-पत्नी पन्नाशी ओलांडलेले असून गंगापूर धरण, गिरणारे, दुगाव या बाजूला नियमित सायकल चालवतो. शर्यत किंवा ब्रेवे (ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) करण्याची हौस आम्हांला नाही. पुढील वर्षी फ्रान्समध्ये एखाद्या ग्रामीण नदीखोऱ्यातून, वाहनांची वर्दळ नसलेल्या डांबरी रस्त्यांवरून आठवडाभर सायकल चालवावी असे मनात आहे. कोणते खोरे निवडावे आणि तेथील शांत रस्ता घरबसल्या कसा ओळखावा? आम्ही दोघेही शाकाहारी आहोत.
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : अशा प्रश्नाला बहुतेक जण लुआर नदीचे नाव सांगतात. तिच्या काठाने जाणारा सुमारे ९०० किलोमीटरचा, जागोजागी खुणा लावलेला सायकलमार्ग उत्तम आहे यात शंका नाही. परंतु तो प्रसिद्ध असल्याने उन्हाळ्यात तेथे सायकलस्वारांचीच गर्दी असते. शांतता हीच आपली पहिली अट असल्यामुळे मी आपणांस नैर्ऋत्य फ्रान्समधील लोत नदीचे, आणि त्यातही तिला मिळणाऱ्या सेले या उपनदीचे खोरे सुचवीन.

हे खोरे शांत का आहे, हे कळले की रस्ता निवडणे सोपे जाते. लोत जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ५,२०० चौरस किलोमीटर असून लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास आहे. म्हणजे एका चौरस किलोमीटरला तेहेतीस-चौतीस माणसे. आपल्या नाशिक जिल्ह्यात हाच आकडा २०११च्या जनगणनेनुसार ३९३ होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लोतमध्ये जवळजवळ तीन लाख लोक राहत होते. पुढे १८७०नंतर फायलोक्सेरा या किडीने तेथील द्राक्षमळे उद्ध्वस्त केले (आपल्याकडील बागायतदारांना या मुळांवरच्या किडीचे नाव तरी ठाऊक असेल) आणि माणसे शहरांकडे गेली. गावे उरली आणि गावांना जोडणारे रस्तेही उरले. फ्रान्समध्ये आजही सुमारे ३५,००० स्वतंत्र ग्रामसंस्था व नगरसंस्था आहेत आणि लहानशा वस्तीलाही पक्का डांबरी रस्ता आहे. माणसे कमी आणि रस्ते पुष्कळ, हे तेथल्या शांततेचे अर्धे कारण होय.

उरलेले अर्धे कारण अधिक उपयोगाचे आहे. घाईत असलेल्या मोटारीला शेजारीच दुसरा वेगवान मार्ग मिळाला, तर ती लहान रस्त्यावर येत नाही. म्हणून नकाशा पाहताना ‘हा रस्ता लहान आहे का?’ एवढेच विचारून भागत नाही; ‘येथे मोटारीने का यावे?’ असे विचारावे. काओर शहराच्या पश्चिमेला लोत नदी अतिशय नागमोडी वाहते. डी ८११ (‘डी’ म्हणजे जिल्हा रस्ता) हा मोठा रस्ता ही वळणे टाळून उत्तरेच्या उंचवट्यावरून पुढे जातो आणि वाहनांचा भार स्वतःकडे घेतो. दुएल, लुझेश या गावांवरून नदीच्या वळणांबरोबर फिरणाऱ्या रस्त्यावर मग बहुतांशी गावकरी, द्राक्षमळ्यांतले ट्रॅक्टर आणि सायकलस्वारच राहतात. काओरच्या पूर्वेला काझार्कपर्यंत डी ६६२ हा रस्ता नदीच्या उत्तर काठाने जातो. तो देखणा असला तरी जुलै-ऑगस्टमध्ये पर्यटकांच्या मोटारी त्यावरूनच धावतात. त्यामुळे जेथे पूल मिळेल तेथे पलीकडच्या काठावरील लहान रस्ता धरावा. वाट थोडी लांबेल आणि एखादा चढही लागेल, पण तो सौदा मला नेहमीच फायद्याचा वाटतो.

सेलेचे खोरे याहून अरुंद आहे. फिजाक या गावापासून, म्हणजे प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीचा उलगडा करणाऱ्या शांपोलियोंच्या जन्मगावापासून, सेले व लोत यांच्या संगमापर्यंत सुमारे ५० किलोमीटरचे अंतर आहे. बहुतेक वाट डी ४१ या रस्त्याने, चुनखडीच्या कड्यांखालून, नदीला लागून जाते. प्रवाहाच्या दिशेने जात असल्याने चढ बेताचेच लागतात. वाटेत एस्पान्याक, मार्सियाक आणि काब्रेरे ही गावे आहेत. काब्रेरेजवळ पेश मेर्लची गुहा असून तिच्यातील हिमयुगीन चित्रे आजही प्रत्यक्ष पाहता येतात. मात्र रोजची प्रवेशसंख्या मर्यादित असल्याने आधी आरक्षण करावे. हे अंतर तेथे एका दिवसात कापू नये, दोन दिवस द्यावेत. संगमाजवळ सँ-सिर-लापोपी हे गाव नदीपासून सुमारे १०० मीटर उंच कड्यावर वसले आहे. तेथील चढ छोटा असला तरी तीव्र आहे, आणि भर उन्हाळ्यात दुपारी गाव पर्यटकांनी भरून जाते. तेथे सकाळी लवकर पोहोचावे. खोरे सोडून वरच्या पठारावर जायचे झाल्यास मात्र प्रत्येक वेळी खरा घाट चढावा लागतो, हे रोजचे अंतर ठरवताना विसरू नये.

घरबसल्या रस्ता निवडण्यासाठी मिशेलिन या फ्रेंच कंपनीचा १ : १,५०,००० प्रमाणाचा कागदी नकाशा आजही मोबाइलपेक्षा सरस आहे, असे माझे मत आहे. त्यात मोठे रस्ते लाल, दुय्यम रस्ते पिवळे आणि लहान रस्ते पांढरे असतात. आपण पांढरे रस्ते धरावेत, आणि पिवळा घ्यावाच लागला तर शेजारी समांतर लाल रस्ता आहे ना हे पाहावे. कडेला हिरवी रेघ असलेला रस्ता निसर्गरम्य समजला जातो. पण ती रेघ शांततेची हमी नव्हे, उलट पुष्कळदा तीच मोटारींना बोलावते. रस्त्यावरील बाणांच्या टोकांवरून चढ कळतो : एक टोक म्हणजे ५ ते ९ टक्के, दोन म्हणजे ९ ते १३ टक्के आणि तीन म्हणजे त्याहून अधिक.

आता नियमांविषयी. वाहतूक उजवीकडून असते, हे आपणांस माहीत असेलच. अवघड असते ते लहान गावांतील चौकांत. तेथे वेगळी पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यावे लागते, मग ते कितीही लहान गल्लीतून येवो. सायकलला ओलांडताना मोटारीने वस्तीबाहेर दीड मीटर आणि वस्तीत एक मीटर अंतर ठेवणे बंधनकारक आहे. समोरचे स्पष्ट दिसत असल्यास त्यासाठी चालकाला सलग पांढरी रेघ ओलांडण्याचीही मुभा आहे; म्हणून मागची मोटार बराच वेळ मागेच राहिली तर घाबरून कडेच्या खडीत उतरू नये. दोघांनी शेजारी-शेजारी चालवण्यास हरकत नाही, परंतु मागून वाहन आले की एकामागे एक व्हावे. कानात इअरफोन घालण्यास बंदी आहे. वस्तीबाहेर रात्री किंवा धुक्यात परावर्तक जाकीट सक्तीचे आहे. सायकल तेथे भाड्याने घेतल्यास ब्रेक तपासून पाहावेत, कारण आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो आणि तेथे बहुधा डाव्या. उतारावर हे कळण्यापेक्षा दुकानासमोर कळलेले बरे. उन्हाळ्यात लहान रस्त्यांवर डांबर ओतून बारीक खडी पसरतात. ‘ग्राव्हियों’ अशी पाटी दिसली की वेग कमी करावा.

मे, जून आणि सप्टेंबर हे महिने उत्तम. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. सप्टेंबरच्या मध्यानंतर शिकारीचा हंगाम सुरू होतो, म्हणून पठारावरील जंगलातून जाताना भडक रंगाचे कपडे घालावेत. तूलूझहून काओर आणि फिजाक या दोन्ही ठिकाणी रेल्वेने जाता येते; सायकल बरोबर नेणार असाल तर त्या गाडीचा सायकलविषयक नियम तिकीट काढतानाच पाहावा.

आहाराबाबत आपणांस खरी दक्षता घ्यावी लागेल. या भागात बदकाच्या चरबीत स्वयंपाक करण्याची पद्धत असल्याने नुसते तळलेले बटाटेही शाकाहारी असतील असे नाही, आणि पारंपरिक चीज बनवताना बहुधा प्राणिजन्य रेनेट (दूध गोठवण्यासाठी वासराच्या जठरातून काढलेला पदार्थ) वापरतात. बाजारातून पाव, फळे, टोमॅटो आणि येथील प्रसिद्ध अक्रोड घेऊन नदीकाठी जेवणे सर्वांत निर्धास्त. काओरचा बाजार बुधवारी व शनिवारी, तर फिजाकचा शनिवारी भरतो. खेड्यांतील दुकाने दुपारी बारा ते दोन, आणि अनेक ठिकाणी त्याहून अधिक वेळ, बंद असतात. रविवारी दुपारनंतर व सोमवारी तर काही मिळेल याची खात्री धरू नये. पिशवीत एका जेवणाचा शिधा नेहमी ठेवावा.

प्रश्न : परदेशी जाणे आम्हांला शक्य नाही. गोदावरीकाठी नाशिकजवळ असे काही जमेल का?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : जमेल, आणि वरचीच कसोटी लावावी. छत्रपती संभाजीनगरचा महामार्ग चांदोरीवरून जातो आणि जड वाहने आपल्याकडे खेचतो. चांदोरीहून पूल ओलांडून पलीकडच्या काठावरील सायखेड्याला गेल्यास तेथून नांदूरमध्यमेश्वरच्या दिशेने गावरस्त्यांनी जाता येते. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळचे हे पक्षी अभयारण्य महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. थंडीत पहाटे निघावे. मात्र त्याच दिवसांत उसाच्या ट्रॉल्या आणि पुढे द्राक्षांच्या पिकअप गाड्या याच रस्त्यांवर असतात. ट्रॉलीला मागचे दिवे असतीलच असे नाही, म्हणून उजाडण्यापूर्वी महामार्गाचा टप्पा सायकलने न करता चांदोरीपर्यंत मोटारीने जाऊन तेथून सुरुवात करावी.