जखमेचा फोटो : आकडा का हलतो?

प्रश्न : वडिलांच्या तळपायाला मधुमेहातली जखम आहे. दर आठवड्याला मोबाइलवर फोटो काढून अ‍ॅपमध्ये क्षेत्रफळ मोजतो. गेल्या वेळी ७.२ चौरस सेंटिमीटर होतं, या वेळी ८.१ आलं. नर्स मात्र जखम भरतेय म्हणतात.

उत्तर : मधल्या काळात जखमेभोवतीचा घट्टा कापून काढला होता का, ते आधी विचारा. तळपायाच्या जखमेच्या कडा बऱ्याचदा घट्ट्याखाली झाकलेल्या असतात; तो निघाला की जखम एकदम मोठी दिसते. म्हणून फोटो दर वेळी एकाच टप्प्यावर काढा : साफसफाई झाल्यावर, सलाइनने धुऊन, गॉझने टिपून, नवं ड्रेसिंग लावायच्या आधी.

घट्टा काढला नसेल, तर फोटोत मापासाठी मोजपट्टी कुठे ठेवता ते पाहा. ती जखमेच्या काठाशी, त्याच पातळीत हवी. खाली गादीवर ठेवली तर कॅमेऱ्यापासून लांब जाते, लहान दिसते आणि जखमेचा आकडा फुगतो. मोबाइल ३० अंश कलला तर उलटं होतं : क्षेत्रफळ सुमारे १३ टक्के कमी भरतं. अंतर ३०-४० सेंटिमीटर ठेवा. फार जवळ नेलं की मधला भाग फुगतो. फ्लॅश बंदच, कारण ओल्या जखमेवरच्या चकाकीत रंग हरवतात. टाचेच्या वळणावर एका फोटोचा भरवसा नाही. तिथे पारदर्शक फिल्मवर कडा गिरवलेली बरी.

नर्स लांबी गुणिले रुंदी करत असतील, तर त्यांचा आकडा अ‍ॅपशी ताडून पाहू नका. ४ बाय ३ ची अंडाकृती जखम गुणाकारात १२ भरते, प्रत्यक्षात ९.४ च्या आसपास असते.

एका आठवड्याच्या चढउतारावर जाऊ नका. चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्यावर आलं नाही, तर उपचारांचा फेरविचार करायला सांगा. खोली फोटोत कळत नाही. ती प्रोबनेच, म्हणजे बोथट टोकाच्या बारीक सळईनेच, मोजावी लागते. आणि पसरणारी लाली, पू, दुर्गंधी किंवा ताप असेल, तर फोटो राहू द्या, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : जांभळ्या प्रकाशाच्या कॅमेऱ्यात जखमेत लाल ठिपके दिसले. संसर्ग झाला का?

उत्तर : लगेच तसं धरू नका. ४०५ नॅनोमीटरच्या प्रकाशात अनेक जिवाणूंमधली पॉर्फिरिन नावाची रंगद्रव्यं लाल चमकतात, म्हणजे तिथे जिवाणू बरेच आहेत. स्यूडोमोनास हा जिवाणू मात्र निळसर-हिरवा दिसतो. संसर्ग ठरतो तो लक्षणांवरून. ठिपक्यांचा उपयोग सफाई कुठे करायची आणि नमुना कुठून घ्यायचा, हे ठरवायला. खोली अंधारी नसेल तर ठिपके दिसतच नाहीत, आणि हा प्रकाश वरच्या एक-दोन मिलिमीटरपलीकडे फारसा पोचत नाही. त्यामुळे ठिपके नसले तरी हाडापर्यंत गेलेला संसर्ग असू शकतो.