महाविद्यालयात डिजिटल साधने वापरून परिणामकारक अध्यापन कसे आखावे?

महाविद्यालयात स्मार्ट बोर्ड आला, मूडल (प्रश्न, नोट्स, व्हिडिओ ठेवण्याची ऑनलाइन अध्यापन प्रणाली) सुरू झाले, आपण तासांचे व्हिडिओही अपलोड केले. तरीही प्रथम वर्षाच्या मुलांच्या आकलनात फरक पडत नाही, तेव्हा आखणीची सुरुवात कुठून करावी, असा आपला प्रश्न आहे. मी बी.एस्सी.च्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून उदाहरण त्याच विषयातले घेतो; आखणीचा क्रम इतर विषयांनाही लागू पडेल.

माझ्या मते साधनाची निवड सर्वांत शेवटी करावी. हे प्रकरण संपल्यावर विद्यार्थ्याला नेमके काय करता आले पाहिजे, हे आधी एका वाक्यात लिहावे. त्याचा विचार बहुधा कुठे अडतो, हे त्यानंतर शोधावे आणि तो अडथळा आपल्याला पुढच्या तासाआधी कसा कळेल, याची सोय करावी. ही सोय करण्यात डिजिटल साधनाचा खरा उपयोग आहे. एकशेवीस विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येकाची वही पाहणे शक्य नसते, पण मूडलवरील तीन प्रश्नांची उत्तरे रात्री दहा मिनिटांत चाळता येतात.

विद्युत परिपथाचे प्रकरण घेऊ. अ, ब आणि क हे तीन एकसारखे दिवे आहेत; ब आणि क समांतर जोडलेले, आणि त्या जोडीशी अ एकसर जोडणीत. क काढून घेतला, तर अ आणि ब यांच्या प्रकाशाचे काय होईल? ओहमचा नियम तोंडपाठ असलेली मुलेही ‘अ आधी येतो, त्यामुळे त्याच्यावर काही परिणाम होणार नाही’ असे सर्रास लिहितात. प्रत्यक्षात क काढल्यावर परिपथाचा एकूण रोध वाढतो, प्रवाह घटतो आणि अ मंदावतो. मात्र ब वरील विभवांतर बॅटरीच्या एक तृतीयांशावरून निम्म्यावर जात असल्यामुळे तो अधिक प्रखर होतो. परिपथातला प्रत्येक बदल संपूर्ण परिपथाला जाणवतो, ही गोष्ट सूत्र फळ्यावर लिहून पोचत नाही. म्हणून आदल्या दिवशी हा प्रश्न मूडलवर टाकावा, उत्तरासोबत एका ओळीत कारण मागावे, आणि गुण उत्तर बरोबर असण्याला न देता प्रामाणिकपणे कारण लिहिण्याला द्यावेत; अन्यथा सकाळी सगळ्यांची उत्तरे सारखीच आलेली दिसतील, आणि ती कुठून आली हे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला ठाऊक असेल.

तासाला तोच प्रश्न मतदानाला ठेवावा. हार्वर्डमध्ये एरिक मेझर यांनी 1990च्या दशकाच्या सुरुवातीपासून रुजवलेली ही पद्धत आहे: साधारण 30 ते 70 टक्के उत्तरे बरोबर आली, तर शिक्षकाने गप्प राहून मुलांना शेजाऱ्याला पटवून द्यायला सांगावे आणि पुन्हा मत घ्यावे. त्यानंतर फेट (PhET) या संकेतस्थळावरचे सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावरचा आभासी प्रयोग, उघडून दिवा काढून दाखवावा. अंदाज आधी नोंदवून घेतलेला नसेल, तर सिम्युलेशन ही नुसती करमणूक ठरते, हे मी आवर्जून सांगेन.

व्हिडिओंबद्दल मी थोडा कठोर आहे. तासभराच्या व्याख्यानाचे चित्रीकरण करण्यात आपला वेळ दवडू नये. तशी व्याख्याने एनपीटीईएल (NPTEL) आणि 2017 पासून ‘स्वयम्’ (SWAYAM) या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचांवर भरपूर आहेत. एडएक्स (edX) या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरील लाखो व्हिडिओ-सत्रांच्या 2014 मधील अभ्यासात, व्हिडिओ कितीही लांब असला तरी प्रेक्षक साधारण सहा मिनिटांच्या पुढे टिकत नाहीत, असे आढळले होते. म्हणून आपले विद्यार्थी जिथे अडतात तेवढ्याच जागेवर, वर्गात बोलतो त्याच मराठी-इंग्रजी मिश्र भाषेत पाच मिनिटांचा व्हिडिओ करावा आणि मध्येच थांबून ‘आता वहीत लिहा’ असे सांगावे. आयआयटी मुंबईच्या शिक्षक-प्रशिक्षणातील अध्ययनकेंद्री अभ्यासक्रमांमध्ये असे थांबे मुद्दाम आखलेले असतात.

एसटीने येणाऱ्या मुलांचा विचारही आखणीतच व्हावा. घरी रेंज नसते, कधी एकच फोन दोघा भावंडांत असतो. फेटची बरीचशी सिम्युलेशन्स उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय चालतात; मतदानासाठी दोन बाकांत एक फोन पुरतो, आणि तोही नसेल तर अ-ब-क लिहिलेली रंगीत कार्डे चालतात. सक्रिय अध्ययनावरील 225 अभ्यासांच्या 2014 मधील एकत्रित विश्लेषणात नापासांचे प्रमाण नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत 33.8 टक्के, तर सक्रिय वर्गांत 21.8 टक्के आढळले. हा फरक विद्यार्थ्याला वर्गात विचार करायला लावल्याचा होता, पडद्याचा नव्हे.

पहिल्या सत्रात एकाच प्रकरणाची अशी आखणी करावी. सगळा अभ्यासक्रम एकदम बदलायला गेल्यास सबमिशनच्या काळात दमछाक होते. विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत सिद्धताच विचारल्या जात असतील, तर अंतर्गत परीक्षेत निदान एक प्रश्न ‘अंदाज सांगा व कारण द्या’ या स्वरूपाचा ठेवावा आणि तसा तो येणार आहे, हे वर्गाला पहिल्याच आठवड्यात सांगावे.