तिशीनंतर हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने पिंपल्स येतात, ते कसे घालवावेत?

या वयात खोलवर, दुखऱ्या गाठी हनुवटी-जबड्यावर आणि पाळीच्या आधी वाढत असतील, तर बहुतेकदा मुळाशी हार्मोन्स असतात. चेहरा घासून काही होत नाही, उलट त्वचा सोलवटते. पाळी अनियमित असेल किंवा ओठांवर, हनुवटीवर राठ केस येत असतील तर पीसीओएसची (अंडाशयाशी संबंधित हार्मोन्सच्या बिघाडाची) तपासणी करून घ्या.

सुरुवात ॲडापॅलीन ०.१ टक्के जेलने करता येते. रात्री सौम्य फेसवॉशने तोंड धुवा, पूर्ण कोरडं होऊ द्या आणि वाटाण्याएवढं जेल संपूर्ण चेहऱ्यावर पसरा. नुसतं पिंपलवर टिपकं लावण्यात अर्थ नाही, कारण हे औषध नवे फोड येऊ नयेत म्हणून आहे. पहिले दोन आठवडे एक रात्र आड, वरून मॉइश्चरायझर. सुरुवातीला पिंपल्स वाढल्यासारखे वाटतात आणि नेमकं तेव्हाच लोक सोडून देतात. निदान १२ आठवडे द्या. सकाळी एसपीएफ ३० चं सनस्क्रीन हवंच. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर ॲडापॅलीन नको.

बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के हे पिंपल्सवर लावायचं दुसरं औषधही चालतं, फक्त उशीचे अभ्रे पांढरे वापरा. रंगीत कापडावर डाग पडतात.

आणि मेडिकलवाल्याने दिलेली 'गोरेपणाची' ट्यूब? मागे बेटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलंय का बघा. ही स्टेरॉइड्स. आठवडाभर चेहरा तुकतुकीत, मग पुरळ दुपटीने. अशी ट्यूब महिनोन्महिने लावली असेल तर थेट त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.