नागरिकशास्त्राच्या बाईंना विचारा : चार बटणं आणि आपला माणूस

प्रश्न : बाई, माझं वय 26. जानेवारीत महापालिकेसाठी पहिल्यांदाच मतदान केलं. आमच्या भागात पाण्याच्या वेळांपासून रस्त्यावरच्या दिव्यांपर्यंत सगळ्यासाठी धावणारे एक काका अपक्ष उभे होते. मला त्यांनाच मत द्यायचं होतं. बाबा म्हणाले, "ते येणार नाहीत, मत वाया घालवू नकोस, पक्षाच्या चौघांच्या पॅनेलला दे." मी दिलं, पण अजून रुखरुख आहे. माझं चुकलं का? आणि एवढे चार नगरसेवक असून काम कोणाला सांगायचं हे का कळत नाही?
— एक वाचक, पुणे

उत्तर : बाबांचं गणित बरोबर आहे आणि तुझी रुखरुखही खरी आहे. 2017 ला मी शाळेतून निवडणुकीच्या ड्यूटीवर होते, तिथला एक प्रसंग सांगते. एका प्रभागातून चार नगरसेवक निवडायचे, म्हणून मशीनवर चार जागा : अ जागेची मतपत्रिका पांढरी, ब ची फिकट गुलाबी, क ची फिकट पिवळी, ड ची फिकट निळी. चारही जागांसाठी बटण दाबल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही. एक आजी एकच बटण दाबून निघाल्या. मी थांबवलं तर म्हणाल्या, "मला एकच माणूस ठाऊक आहे गं. बाकीच्यांना उगाच कशाला देऊ?" वरीलपैकी कोणीही नको असेल तर त्याचंही बटण आहे, एवढंच मी नियमाप्रमाणे सांगू शकले. त्या पुन्हा आत गेल्या. त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

ही चार मतं चार वेगळ्या पक्षांना देता येतात, हे आधी लक्षात ठेव. प्रत्येक जागेची लढत स्वतंत्र असते आणि जिथे ज्याला सर्वाधिक मतं, तो निवडून. पण माणूस आत गेल्यावर चिन्ह शोधतो, आणि एकदा सापडलं की चारही ठिकाणी तेच दाबतो. त्यामुळे शंभरातली चाळीस मतं मिळवणारा पक्ष चारच्या चार जागा नेऊ शकतो. उरलेल्या साठ जणांचा एकही माणूस सभागृहात नसतो.

आता तुझ्या काकांकडे येऊ. 2007 ला पुण्यात एका वॉर्डाला एक नगरसेवक होता, 144 वॉर्ड होते. एका वॉर्डात साधारण 17-18 हजार लोकवस्ती. एवढी घरं माणूस महिनाभरात पायी हिंडून येतो. आता 41 प्रभागांत 165 नगरसेवक (एका प्रभागात पाच, बाकी सगळीकडे चार), म्हणजे एका प्रभागात 2011 च्या जनगणनेनुसारच 80 हजारांच्या पुढे माणसं. काकांना त्यांची गल्ली ओळखते, पलीकडच्या टेकडीखालची सोसायटी ओळखत नाही. तिथे पोचायला पॅनेल लागतं. आणि पॅनेल जुळवताना आरक्षण कुठलं, माणूस प्रभागाच्या कुठल्या टोकाचा, कुठल्या समाजाचा, हे आधी पाहिलं जातं. काका पॅनेलमध्ये गेले असते तरी 'आमच्या गल्लीत पाणी सकाळी सहाला यावं' ही त्यांची मागणी पत्रकावर 'सर्वांगीण विकास' होऊन छापली गेली असती. 80 हजारांतल्या कोणालाही न दुखावणारी भाषा तेवढीच असते. निवडून आल्यावर चौघांची हद्द एकच, म्हणून काम कोणाचं हा तुझा दुसरा प्रश्न. त्यात तुझी काही कमतरता नाही.

हे पक्षांनाही चांगलं ठाऊक आहे. पुण्यात प्रभागाचा आकार कसा बदलत गेला बघ : 2002 ला तीन सदस्यांचा प्रभाग, 2007 ला एक, 2012 ला दोन, 2017 ला चार. मुंबईत मात्र आजही एका वॉर्डाला एकच नगरसेवक. 2012 ला मनसेचे पुण्यात 29 नगरसेवक होते, 2017 ला 2 राहिले. सगळा दोष प्रभागावर टाकणार नाही, हवाही बदलली होती; पण ज्या पक्षाकडे चारही जागांना तोलामोलाचे उमेदवार नसतात त्याला मोठा प्रभाग जड जातोच. प्रभाग किती जणांचा हे राज्यातलं सरकार ठरवतं. ज्यांना त्याच नियमाने लढायचं आहे त्यांनीच नियम ठरवावा, हे मला अजिबात पटत नाही.

'मत वाया' हा शब्दही मतमोजणीच्या पद्धतीतूनच येतो. 2014 च्या लोकसभेत बसपाला देशभरात सव्वादोन कोटींच्या वर मतं पडली आणि जागा शून्य. अण्णाद्रमुकला त्याहून कमी मतं, पण ती सगळी तमिळनाडूत एकवटलेली, म्हणून 37 जागा. बसपाच्या मतदारांनी काही चूक केली होती का? न्यूझीलंडमध्ये 1981 ला एका पक्षाला वीस टक्के मतं आणि फक्त दोन जागा मिळाल्या होत्या. तिथल्या लोकांनी 1993 ला सार्वमत घेऊन पद्धतच बदलली. 1996 पासून पक्षाला मिळालेल्या मतांच्या प्रमाणात जागा मिळतात.

बाबांचं गणित जिथे लागत नाही अशी एक निवडणूक तुझ्याही वाट्याला येऊ शकते : विधान परिषदेच्या पुणे पदवीधर मतदारसंघाची. तिथे बटण नाही, कागद असतो आणि केंद्रावर जांभळा स्केचपेन देतात. ज्याला मनापासून निवडायचं त्याच्यापुढे 1, मग 2, 3, हवे तितके पसंतीक्रम. पहिल्याला पुरेशी मतं पडली नाहीत आणि तो बाद झाला, तर तुझं मत दुसऱ्या पसंतीकडे जातं. म्हणजे काकांना 1 आणि बाबांच्या पक्षाला 2 असं बिनदिक्कत देता येतं. उमेदवारालाही समोरच्याच्या मतदाराकडे दुसरी पसंती मागायची असते, त्यामुळे त्याला तोंड सांभाळून बोलावं लागतं.

पदवी मिळून तीन वर्षं झाली असतील तर तू पात्र आहेस. ही यादी दर निवडणुकीला नव्याने होते, विधानसभेच्या यादीत नाव असून भागत नाही. नाव नोंदवायचा अर्ज, म्हणजे नमुना 18, वेगळा भरावा लागतो. तो आताच मिळवून ठेव. आणि मतपत्रिकेवर बरोबरची खूण करू नकोस, 'एक' असं अक्षरातही लिहू नकोस. चांगल्या शिकलेल्या माणसांची मतं त्यापायी बाद होतात. फक्त आकडा, आणि तोही त्यांनी दिलेल्या पेननेच.